डर्बनच्या १०९ शस्त्रक्रिया : अवयवविक्रीच्या गुन्ह्याची शिक्षा कोणाच्या वाट्याला येते?

नोव्हेंबर २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहराच्या न्यायालयात एका रुग्णालय कंपनीने गुन्हा कबूल केला. कंपनीचे नाव नेटकेअर क्वाझुलू. नेटकेअर या तेथील बड्या खासगी रुग्णालय समूहाची ती उपकंपनी, आणि डर्बनचे सेंट ऑगस्टीन रुग्णालय तिच्या ताब्यात होते. या रुग्णालयात २००१ ते २००३ या काळात मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या १०९ बेकायदा शस्त्रक्रिया झाल्या, त्यासाठी आपले कर्मचारी आणि आपल्या सुविधा वापरू दिल्या गेल्या, आणि त्यातून आलेला पैसा कंपनीला मिळाला, हे १०२ आरोपांच्या संदर्भात तिने मान्य केले. ज्यांची मूत्रपिंडे काढली गेली त्यांपैकी पाच जण अल्पवयीन होते, हेही त्या कबुलीत होते.

अवयवांच्या खरेदीविक्रीत एखाद्या रुग्णालय कंपनीने न्यायालयात उभे राहून दोष मान्य केल्याची उदाहरणे जगात फारच थोडी आहेत. म्हणून कायद्याच्या अभ्यासकांनी हे प्रकरण पुन्हा पुन्हा तपासले आहे. मला ते महत्त्वाचे वाटते ते आणखी एका कारणाने. एकाच व्यवहारात सामील असलेल्या निरनिराळ्या माणसांना फौजदारी कायदा किती वेगवेगळ्या रीतीने भिडतो, हे येथे एका नजरेत दिसते.

व्यवहाराची रचना

रुग्ण बहुतांश इस्रायली होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसवर काढावे लागते आणि मृत दात्याच्या अवयवाची वाट पाहण्यात वर्षे जातात. इस्रायलमध्ये त्या काळी मरणोत्तर अवयवदानाचे प्रमाण कमी होते आणि प्रतीक्षायादी लांब होती. त्या देशातील आरोग्यविमा संस्था परदेशात केलेल्या प्रत्यारोपणाचा खर्च देत असत, आणि अवयव कोठून आला हा प्रश्न त्या फारसा विचारत नसत. दलालांना हा पैसा आयताच मिळाला. रुग्णाकडून एक लाख डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम घ्यायची, रुग्णालयाचे पैसे आगाऊ भरायचे, मूत्रपिंड देणारा माणूस शोधून आणायचा आणि उरलेली रक्कम आपल्याकडे ठेवायची, असा हा धंदा होता.

सुरुवातीला मूत्रपिंड देणारेही इस्रायलीच होते आणि त्यांना सुमारे वीस हजार डॉलर मिळत. पुढे दलालांच्या लक्षात आले की हेच काम रुमानियात आणि ब्राझीलमध्ये फार कमी पैशांत होते. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील रेसिफे शहराच्या गरीब वस्त्यांत माणसे शोधण्यात आली. त्यांच्या रक्ताच्या आणि इतर तपासण्या तेथेच होत. ज्याची जुळणी रुग्णाशी होई त्याला पारपत्र काढून विमानाने डर्बनला पाठवले जाई. तेथे मिळणारी रक्कम सुमारे सहा हजार डॉलर होती. तयार माणसांची संख्या वाढत गेली तशी ती आणखी खाली आली. मूत्रपिंड देऊन परतलेला माणूसच मग शेजाऱ्यापाजाऱ्यांतून पुढचा माणूस शोधून देई आणि त्यावर दलाली घेई. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच ही माणसे परतीच्या विमानात बसत. पुढे त्यांचा रक्तदाब, लघवीतील प्रथिने, उरलेल्या एका मूत्रपिंडाचे काम यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

नात्याचा कागद

या सगळ्याला रुग्णालयाचे दार उघडले ते एका कागदाने. दाता आणि रुग्ण एकमेकांचे नातेवाईक आहेत, दान स्वेच्छेने आणि मोबदल्याविना होत आहे, असे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या जात. एक पोर्तुगीज बोलणारा, दुसरा हिब्रू बोलणारा. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नाही आणि मध्ये दुभाषा बसला आहे. तरी कागदावर ते आप्त. या प्रकरणाचा मर्मबिंदू माझ्या मते हाच आहे. खोटा कागद तयार करणारा गुन्हेगार असतो हे सांगायला वेगळ्या कायद्याची गरज नाही. प्रश्न असा आहे की तो कागद समोर आल्यावर त्यावर विश्वास न ठेवण्याचे कर्तव्य कोणाचे? एखाद-दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत फसवणूक झाली असे म्हणता येईल. पण परक्या देशांतून, परक्या भाषा बोलणारे, एकाच दलालामार्फत पैसे भरणारे शंभराहून अधिक रुग्ण एकाच रुग्णालयात येतात, तेव्हा न पाहण्यासाठीही प्रयत्न करावा लागतो.

कबुलीपत्रातील भाषा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. दात्यांना मूत्रपिंडांसाठी पैसे दिले गेले असलेच पाहिजेत, अशा अर्थाचे शब्द कंपनीने वापरले. आम्ही पैसे दिले, असे ते वाक्य नाही. आम्हाला ठाऊक होते, असेही ते सरळ म्हणत नाही. परिस्थितीवरून निघणारा निष्कर्ष मान्य करणारे हे वाक्य आहे, आणि तडजोडीने निकाली निघणाऱ्या खटल्यात असे वाक्य दोन्ही बाजूंच्या वकिलांनी किती तोलून लिहिलेले असते हे वकिली करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

कोणाला काय शिक्षा झाली

त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत लागू असलेला कायदा १९८३ चा मानवी ऊती कायदा होता. मानवी ऊतीसाठी मोबदला घेण्यास त्यात मनाई होती, पण त्यातील शिक्षा तुटपुंजी होती. तो लिहिला गेला तेव्हा कायदेमंडळासमोर आंतरराष्ट्रीय दलालीचे चित्र नव्हते. म्हणून सरकार पक्षाने त्याच्या जोडीला संघटित गुन्हेगारी प्रतिबंधक कायदा वापरला. गुन्ह्यातून मिळालेला लाभ जप्त करण्याचा अधिकार या दुसऱ्या कायद्यातून येतो. कंपनीला गुन्हेगार ठरवण्यासाठी मात्र नवा आधार शोधावा लागला नाही. तेथील १९७७ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातील कलम ३३२ नुसार संचालकाने किंवा नोकराने आपल्या अधिकारात किंवा कंपनीच्या हितासाठी केलेले कृत्य कंपनीचेच कृत्य मानले जाते.

सरकार पक्षाशी झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने दंड आणि जप्ती मिळून ७८ लाख २० हजार रँड भरले. त्यांतील सुमारे ३८ लाख रँड ही गुन्ह्यातून मिळालेला लाभ म्हणून जप्त झालेली रक्कम होती. त्या वेळच्या विनिमय दराने एकूण आकडा ११ लाख डॉलरच्या आसपास जातो. १०९ ने भागले तर एका शस्त्रक्रियेमागे ७२ हजार रँडहून थोडे कमी, म्हणजे दहा हजार डॉलरच्या घरात. एका रुग्णाने दलालाला दिलेल्या रकमेचा हा दहावा हिस्सा. समूहाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावरील आरोप मागे घेण्यात आले.

एका मूत्रपिंडविकार तज्ज्ञाने स्वतंत्रपणे दोष मान्य केला. त्याला दीड लाख रँड दंड झाला. चार शल्यचिकित्सक आणि दोन प्रत्यारोपण समन्वयक यांनी दोष मान्य केला नाही. ही सर्व व्यवस्था कायदेशीर आहे असे आम्हाला रुग्णालयाकडून सांगण्यात आले होते, अशी डॉक्टरांची भूमिका होती. डिसेंबर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटल्याला कायमची स्थगिती दिली. साक्षीपुरावा झालाच नाही, त्यामुळे ते दोषी होते की निर्दोष होते याचा निर्णय कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही, आणि तो वाचकानेही देऊ नये. एवढे मात्र म्हणता येते की शस्त्रक्रियागृहात नेमके कोणाला काय ठाऊक होते, या प्रश्नाचे उत्तर शपथेवर कधीच नोंदले गेले नाही. शेवटच्या शस्त्रक्रियेला तोपर्यंत नऊ वर्षे लोटली होती.

आता समुद्रापलीकडे. डिसेंबर २००३ मध्ये ब्राझीलच्या संघीय पोलिसांनी रेसिफेमध्ये ‘बिस्तुरी’ या नावाने मोहीम काढली. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ शस्त्रक्रियेची सुरी. टोळीचा तेथील सूत्रधार असलेला एक निवृत्त इस्रायली अधिकारी आणि त्याचा ब्राझिलियन साथीदार पकडले गेले. पुढच्याच वर्षी त्या सूत्रधाराला अकरा वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली. मात्र पकडले गेले ते दोघेच नव्हते. स्वतःचे मूत्रपिंड विकलेली आणि नंतर दलालांना माणसे मिळवून देणारी रेसिफेची काही गरीब माणसेही आरोपी झाली. ब्राझीलच्या १९९७ च्या प्रत्यारोपण कायद्याचे कलम १५ अवयव विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला एकाच वाक्यात बसवते आणि तीन ते आठ वर्षांची कैद सांगते. मध्यस्थी करणाऱ्यालाही तीच शिक्षा.

डर्बनमध्ये कंपनीने धनादेश दिला, शल्यचिकित्सकांचा खटला थांबला, रुग्ण घरी गेले. तुरुंगाचे दार बंद झाले ते मुख्यतः रेसिफेत, आणि ज्यांच्यामागे ते बंद झाले त्यांतल्या काहींच्या कुशीवर डर्बनच्या शस्त्रक्रियेचा व्रण होता. यात कोणा न्यायाधीशाचा दोष दाखवण्याचा माझा हेतू नाही. प्रत्येक न्यायालयाने आपल्यासमोर आलेल्या कायद्याप्रमाणे आणि पुराव्याप्रमाणे काम केले. दोष आहे तो गुन्ह्याच्या व्याख्येत. विकणारा माणूस हाडामांसाचा पुरावा असतो. त्याच्याजवळ व्रण असतो, विमानाचे तिकीट असते, हातात आलेल्या डॉलरची नोट असते, आणि चांगला वकील नसतो. त्याच्यावरचा आरोप सर्वांत आधी सिद्ध होतो.

आपला कायदा ताडून पाहताना

भारताचा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेला तो करता आला तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २५२ खाली, राज्यांच्या ठरावांवरून, आणि कायद्याच्या उद्देशिकेत ठराव करणारी जी तीन राज्ये नोंदली आहेत त्यांतली दोन आपली आहेत : महाराष्ट्र आणि गोवा. तिसरे हिमाचल प्रदेश. म्हणजे अवयवविक्री हा गुन्हा ठरवण्याची मागणी करणाऱ्यांत मराठी मुलूख पहिल्या रांगेत होता. मुंबईत त्याआधी पैसे देऊन मूत्रपिंडे मिळत होती आणि ती आखातातून आलेल्या रुग्णांनाही मिळत होती, हे पाहता या पुढाकाराचे कारण समजते.

मूळ कायद्यात अवयवांच्या व्यापाराला कलम १९ खाली दोन ते सात वर्षे कैद आणि दहा ते वीस हजार रुपये दंड होता. २०११ च्या दुरुस्तीने, जी १० जानेवारी २०१४ पासून लागू झाली, कैद पाच ते दहा वर्षे आणि दंड वीस लाख ते एक कोटी रुपये झाला. याच दुरुस्तीने कायद्याच्या नावात आणि मजकुरात ऊतींचा समावेश केला आणि ऊतींच्या व्यापारासाठी कलम १९-अ घातले. त्यात एक ते तीन वर्षे कैद आणि पाच ते पंचवीस लाख दंड आहे. नाते किंवा जिव्हाळा सिद्ध करण्यासाठी खोटी शपथपत्रे आणि कागद तयार करण्यास साहाय्य करणे हाही कलम १९ खालचा स्वतंत्र गुन्हा झाला. डर्बनच्या नात्याच्या कागदाला हे अगदी नेमके उत्तर आहे. परदेशी रुग्णाला भारतीय दात्याचा अवयव द्यायचा असेल तर ते दोघे कायद्याच्या अर्थाने जवळचे नातेवाईक असल्याशिवाय प्राधिकरण समितीने, म्हणजे अशा प्रत्यारोपणांना मंजुरी देणाऱ्या समितीने, परवानगी द्यायचीच नाही, अशीही तरतूद कलम ९ मध्ये आली. २०१४ च्या नियमांनी समितीसमोरील मुलाखतीचे चित्रीकरण आवश्यक केले.

तरीही कागद कागदच राहतो. २०१६ च्या जुलैमध्ये मुंबईत पवईच्या एका खासगी रुग्णालयातील प्रत्यारोपण ऐनवेळी थांबवण्यात आले, कारण रुग्णाची पत्नी म्हणून आलेली बाई त्याची पत्नी नव्हती, असे उघड झाले. तिच्या नावाचे विवाहाचे आणि ओळखीचे कागद मात्र तयार होते. माहिती आली ती बाहेरून. समितीच्या तपासणीतून ती पुढे आली नाही, आणि हे मला जास्त काळजीचे वाटते.

कलम १९ मधील पहिलाच शब्दप्रयोग अवयवासाठी पैसे ‘देणारा किंवा घेणारा’ असा आहे. म्हणजे ब्राझीलप्रमाणेच आपल्याकडेही विकणारा मजूर, विकत घेणारा रुग्ण आणि मध्ये बसलेला दलाल एका ओळीत. किमान शिक्षा पाच वर्षे आणि वीस लाख दंड. मूत्रपिंड विकून ज्याने दोन-चार लाखांचे कर्ज फेडले त्याला वीस लाखांचा किमान दंड. असा माणूस पोलिसांकडे जाऊन दलालाचे नाव सांगेल ही अपेक्षा कोणत्या आधारावर ठेवायची? तक्रार करणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणे. दलाल त्याला हेच सांगून गप्प ठेवतो, आणि दलाल सांगतो ते कायद्याच्या दृष्टीने खरे असते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये २०१३ साली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये, बळजबरीने अवयव काढणे हे मानवी व्यापारातील शोषण म्हणून नोंदले आहे आणि तेथे शोषित माणूस पीडित ठरतो. पण बळजबरी सिद्ध व्हावी लागते. रेसिफेच्या माणसांवर कोणी चाकू रोखला नव्हता. ते सही करून, विमानात बसून गेले होते. अशी माणसे आपल्याकडे पीडित ठरत नाहीत आणि आरोपी ठरतात.

इस्रायलने २००८ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात वेगळी वाट धरली. व्यापार आणि दलाली हा गुन्हा, पण अवयव देणारा आणि घेणारा यांना फौजदारी शिक्षेतून वगळले. त्याचबरोबर बेकायदा प्रत्यारोपणाचा परदेशातील खर्च विम्यातून देणे बंद केले. घेणाऱ्यालाही पूर्ण मोकळे सोडावे याबद्दल मी साशंक आहे, कारण एक लाख डॉलर मोजणाऱ्याला आपण काय विकत घेत आहोत हे कळते. मात्र विकणाऱ्याच्या बाबतीत तो विचार योग्य आहे. आपल्या कलम १९ ला एक परंतुक जोडले, की स्वतःचा अवयव दिलेल्या व्यक्तीने दुसऱ्या कोणाला या व्यवहारात आणले नसेल आणि ती साक्ष देण्यास तयार असेल तर तिच्यावर या कलमाखाली खटला चालणार नाही, तर समित्यांच्या सगळ्या चित्रफितींपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. रेसिफेत स्वतः दलाल झालेल्यांना असे परंतुक वाचवणार नाही, आणि वाचवूही नये.

दुसरी अडचण प्रक्रियेची आहे. कलम २२ नुसार या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालयाला घेता येते ती समुचित प्राधिकाऱ्याच्या लेखी फिर्यादीवरूनच, किंवा प्राधिकाऱ्याला साठ दिवसांची नोटीस दिलेल्या व्यक्तीच्या फिर्यादीवरून. पोलिसांचे दोषारोपपत्र पुरेसे नाही. २००८ च्या गुरगाव मूत्रपिंड प्रकरणातून उद्भवलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे स्पष्ट केले. फिर्याद देणारे समुचित प्राधिकारी हेच रुग्णालयांची नोंदणी करणारे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी असतात. म्हणजे ज्या देखरेखीत त्रुटी राहिली तिच्यावर बोट ठेवणारी फिर्याद त्याच कार्यालयाने द्यायची. नऊ वर्षांनी थांबलेला डर्बनचा खटला वाचताना मला हे कलम आठवत राहते.

एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. डर्बनसारखी तडजोड कलम १८ (परवानगीविना अवयव काढणे) किंवा १९ खाली आपल्याकडे होऊ शकत नाही, कारण सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना आरोपीने दोष मान्य करून शिक्षेचा करार करण्याची मुभा आपल्या फौजदारी प्रक्रियेत नाही. कंपनीलाही कलम २१ लागू होते. आपल्या नकळत गुन्हा झाला, किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व योग्य खबरदारी घेतली होती, हे प्रभारी व्यक्तीलाच सिद्ध करावे लागते.

बीजांड आणि भ्रूण

दक्षिण आफ्रिकेने १९८३ चा कायदा मागे टाकून २००३ चा राष्ट्रीय आरोग्य कायदा केला. त्याचा अवयव आणि ऊतींविषयीचा भाग २०१२ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ६० मध्ये ऊती, जननपेशी (बीजांडे आणि शुक्राणू) आणि रक्त यांचा व्यापार एकत्र गुन्हा ठरवला असून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्याकडे हे विषय वेगवेगळ्या कायद्यांत विभागले आहेत. १९९४ च्या कायद्यातील ऊतींच्या व्याख्येत रक्त येत नाही, आणि जननपेशी व भ्रूण यांच्यासाठी २०२१ चे दोन कायदे आहेत : एक सरोगसीचा आणि दुसरा साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा. सरोगसीसाठी भ्रूण किंवा जननपेशी विकल्या, तर सरोगसी कायद्याच्या कलम ३८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. तोच भ्रूण सरोगसीविना, साध्या वंध्यत्व उपचारासाठी विकला, तर साहाय्यित प्रजनन कायद्याचे कलम ३३ लागू होते, आणि त्यात पहिल्या उल्लंघनाला केवळ पाच ते दहा लाख रुपये दंड आहे. कैद, तीही तीन ते आठ वर्षे, येते ती त्यानंतरच्या उल्लंघनाला.

बीजांड देणाऱ्या स्त्रीबाबत हा कायदा काटेकोर आहे. तिचे वय २३ ते ३५ असावे, आयुष्यात एकदाच तिने बीजांडे द्यावीत, सातपेक्षा अधिक काढू नयेत, तिच्यासाठी विमा उतरवावा. हे नियम चांगले आहेत. पण ते मोडले जातील ते एका बाईच्या बाबतीत नव्हे. ते मोडले जातील दलालाने रांगेत उभ्या केलेल्या अनेक बायकांच्या बाबतीत, खोट्या वयाच्या आणि खोट्या नावाच्या कागदांवर, आणि कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंत दोन-अडीच वर्षे. त्या दिवशी न्यायालयासमोर कलम ३३ वाचले जाईल तेव्हा पहिले उल्लंघन म्हणजे पहिली बाई, की पहिली दोषसिद्धी होईपर्यंतच्या सगळ्या बायका मिळून एक, हा वाद उभा राहील. दुसरा अर्थ स्वीकारला गेला तर डर्बनच्या १०९ शस्त्रक्रियांसारख्या १०९ घटनाही पहिल्याच ठरतील आणि कायद्यात लिहिलेली शिक्षा दंडाचीच असेल. ‘उल्लंघन’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक दात्यामागे स्वतंत्रपणे मोजावा, असे स्पष्टीकरण कलम ३३ मध्ये एका दुरुस्तीने घालता येते, आणि असे पहिले मोठे प्रकरण न्यायालयात जाण्यापूर्वी ते घातले गेले पाहिजे.